फीडर नंबर तीनचा संदर्भ

नीलकंठ शिधये यांनी धारच्या एका ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले आणि निवृत्त झाल्यावर जालावरच्या मुक्त ज्ञानकोशात संपादक म्हणून बसले. तिथे पगार नव्हता, रजा नव्हती, आणि आपल्याइतकीच हट्टी माणसं जगभरातून आयती मिळत होती. सहा वर्षांत त्यांनी मराठी ज्ञानकोशातल्या अकराशे लेखांमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. एवढ्या सेवेबद्दल त्यांचे आभार एकदाच मानले गेले, आणि तेही नंतर कळलं की दुसऱ्या कोणाचे मानायचे होते.

कार्तिकातल्या एका सोमवारी सकाळी देवासहून इंदूताईंचा फोन आला. इंदूताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला धाकट्या भावाचा उद्योग नेमका काय आहे हे कधी कळलं नव्हतं. तो दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि त्याला कोणी काही देत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"निळू, प्रणवच्या बँडचा लेख काढून टाकताहेत म्हणे सात दिवसांत. तू आहेस ना त्या कोशात कोणीतरी?"

"मी तिथे कोणी नाही, ताई. तिथे कोणीच कोणी नसतं."

"मग काढून कोण टाकतंय?"

नीलकंठरावांनी लेख उघडला; वर 'उल्लेखनीयता सिद्ध नाही, सात दिवसांत वगळणार' अशी सूचना होती.

प्रणव हा इंदूताईंचा मुलगा. दिवसा एका कारखान्याच्या ऑफिसात बसायचा आणि संध्याकाळी घराच्या गॅरेजात बेस गिटार वाजवायचा. त्याच्या बँडचं नाव 'फीडर नंबर तीन'. गॅरेजातली लाइट ज्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर होती, त्याच्या लहरीवर यांची प्रॅक्टिस अवलंबून असायची, म्हणून कृतज्ञतेनं ते नाव. हा जॅम बँड आहे, असं प्रणवनं मामाला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. माळव्यात जाम म्हणजे पेरू. नीलकंठरावांनी मान डोलावली होती आणि पुढे काही विचारलं नव्हतं. आता लेखातून त्यांना कळलं की जॅम बँड म्हणजे ठरवून न बसवलेलं, जसं सुचेल तसं लांबवत नेलेलं संगीत. एकदा गाणं सुरू झालं की ते कुठे संपेल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

लेख लिहिला होता अंशुलनं. अंशुल या बँडचा मुख्य गिटारवादक आणि, लेखावरून पाहता, त्याचा सर्वांत मोठा चाहता. त्यानं तो इंग्रजीत लिहून मशीनकडून हिंदी-मराठीत उतरवून घेतला होता. घर मराठी, पण शाळा हिंदी, त्यामुळे त्याला स्वतःला तो मराठी लेख धड वाचता येत नव्हता, आणि हे त्याचं भाग्यच. 'फीडर नंबर तीन ही मध्य भारतातील एक पौराणिक जॅम बँड आहे,' अशी सुरुवात होती. पुढे, 'अंशुल यांचा जन्म देवासमध्ये संगीतासह झाला.' त्याखाली, 'त्यांच्या तारांनी हजारो हृदये जखमी केली आहेत.' आणि लेखाचा कळस असा: 'बदनावर येथील कृषी महोत्सवात बँडने सात तास चाळीस मिनिटे एकच रचना अखंड वाजवली. एकही श्रोता जागेवरून हलला नाही.'

या एका वाक्याला संदर्भ होता. एका हिंदी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीचा. नीलकंठरावांचे डोळे चमकले, पण तारीख पाहून पुन्हा विझले. पुरवणी लेखानंतर चार महिन्यांनी आली होती आणि तिच्यातही बँड पौराणिकच होता. म्हणजे पुरवणीनं लेखातून उचललं आणि मग लेखानं पुरवणीचा दाखला दिला. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ऐटीत उभे होते. जमिनीवर पाय मात्र कोणाचेच नव्हते.

कामाला लागण्यापूर्वी त्यांनी लेखाच्या चर्चा पानावर नियमाप्रमाणे लिहिलं: 'या वाद्यवृंदातील एक सदस्य माझा भाचा आहे, याची नोंद घ्यावी.' कोणी घेतली नाही. मग त्यांनी विशेषणं काढली. पौराणिक गेलं, जखमी हृदयं गेली, संगीतासह झालेला जन्म गेला. जेवायच्या वेळेपर्यंत चार पानांच्या लेखाच्या तीन ओळी उरल्या, आणि त्यांतल्या दोहोंना 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लागली होती.

दुपारी अंशुलचा फोन आला.

"मामा, तुम्ही तर सगळंच उडवून दिलं. वाचवायला सांगितलं होतं ना प्रणवच्या आईनं?"

"वाचवतोच आहे. बदनावरचा छापील पुरावा दे."

"आम्ही सांगून राहिलो ना. सात तास चाळीस मिनिटं."

"तुम्ही सांगून चालत नाही."

"पर मामा, आम्हीच तर होतो तिथे."

"म्हणूनच," नीलकंठराव म्हणाले.

असला नियम कोणी शुद्धीवर असताना केला असेल, हे अंशुलला पटत नव्हतं. मग त्यानं, मामा तुम्ही सीनियर आहात, तुमचंच नाव टाका ना साक्षीदार म्हणून, अशी तोड सुचवली. नीलकंठरावांनी फोन ठेवला.

बुधवारी ते बसनं बदनावरला गेले. बायकोला त्यांनी सांगितलं की संशोधनासाठी जातोय. खरं तर त्या कोशात स्वतः संशोधन करायला सक्त मनाई आहे. पण लेखात न लिहिता नुसतं विचारायला हरकत नसावी, असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला.

कृषी महोत्सव असा काही झाल्याचं बदनावरात कोणाला आठवेना. दोन-चार ठिकाणी विचारल्यावर एका चहावाल्यानं त्यांना गावाबाहेरच्या एका खासगी गोदामाकडे धाडलं. तिथे बळवंतराव भेटले. बळवंतराव तिथले तुलावटी, म्हणजे माल तोलणारे. सोयाबीनच्या धुळीनं भुवयांपर्यंत पांढरे झालेले. आपण मूळचे साताऱ्याचे, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. गेल्या पाच पिढ्यांत सातारा कोणी पाहिला नव्हता, हे दुसऱ्या वाक्यात.

"महोत्सव कसला? या गोदामाचं उद्घाटन होतं," ते म्हणाले. "शेटनं देवासहून बाजा बोलावला होता. त्याच दिवशी माल ओला म्हणून पैसे कापले, त्या कपातीवरून शेतकरी बिघडले. गेट लावून घेतलं त्यांनी आतून. म्हणाले, फैसला झाल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही. दोनशे ट्रॉल्या आत, माणसं आत, आम्ही आत."

"म्हणजे एकही श्रोता हलला नाही, ते खरं?"

"हलणार कसा? गेट बंद होतं."

नीलकंठरावांनी वहीत लिहून घेतलं. "आणि सात तास चाळीस मिनिटं वाजवलं?"

बळवंतराव हसले. "अर्धा-पाऊण तास वाजवलं असेल. मग लाइट गेली. गिटारं बंद पडली, ते पियानोसारखं होतं ते बंद पडलं. चौघं पोरं मागच्या भिंतीवरून उतरून कचोरी खायला गेली. तो ढोलकवाला राहिला एकटा. त्याच्या ढोलकीला लाइट कुठे लागते?"

"ढोलकवाला?" लेखात ढोलकवाला नव्हता. लेखात चौघेच होते.

"होता ना. बारकासा. लोकं चिडलेली होती, आधी त्याच्यावरच ओरडली, बंद कर म्हणून. त्यानं वाजवणं धीमं केलं, पण सोडलं नाही. मग ओरडून थकली. मग एका म्हाताऱ्यानं तिथेच ट्रॉलीवर बसून एक माळवी गाणं उचललं. ते झालं की दुसऱ्यानं. कोणी शेतातलं, कोणी लग्नातलं, कोणी भजन. जो जे गाईल त्याच्या मागे हा पोरगा. कोणाला काही येत असो-नसो, तो सांभाळून घ्यायचा. तिकडे ऑफिसात शेट आणि पंच बोलत होते. इकडे भांडण असं राहिलंच नाही. गेट उघडलं तरी अर्धी माणसं बसलेली." बळवंतरावांनी तराजूचा काटा पुसला. "माझ्या नातीचं, चिऊचं बारसं होतं त्या दिवशी. मला जाता आलं नाही, म्हणून तारीख पाठ आहे."

तारीख घेऊन नीलकंठराव धारला परतले. घरी आल्यावर त्यांनी प्रथम लेखाचं इतिहास पान उघडलं. या कोशात प्रत्येक लेखाचा इतिहास जपलेला असतो: कोणी, कधी, काय घातलं आणि काय काढलं, सगळं. लेखाच्या पहिल्या रूपात पाच नावं होती. पाचवं, 'दीपेश सातपुते, लोहारदा, ढोलक.' आठ महिन्यांनी ते काढलं गेलं होतं. बदलाचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'किरकोळ सुधारणा'. संपादकाचं नाव अंशुल असेल, असं धरूनच त्यांनी पाहिलं. ते 'प्रणव बेस' असं होतं.

नीलकंठरावांनी कॉम्प्युटर बंद केला आणि बराच वेळ अंगणात पेरूच्या झाडाखाली बसले. प्रणवला त्यांनी मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली होती.

गुरुवारी ते जुन्या ग्रंथालयात गेले. त्यांच्या जागेवर आलेल्या बाईंनी तीन वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढून दिला. पहिलं पान, शहराचं पान, मनोरंजनाचं पान, कुठेच काही नव्हतं. शेवटी बाजारभावाच्या पानावर, सोयाबीन आणि लसूण यांच्या मधोमध, अकरा ओळी सापडल्या. बाजारभाव लिहिणाऱ्या बातमीदारानं, संगीताशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाच्या निर्मळ हिंदीत लिहिलं होतं की कपातीचा वाद मिटेपर्यंत लोहारद्याचे ढोलकवादक दीपेश सातपुते यांनी दोन तास दहा मिनिटं वादन करून शेतकऱ्यांना शांत ठेवलं. 'फीडर नंबर तीन' या पथकाचे उर्वरित कलावंत वीज गेल्यामुळे मंचावर नव्हते.

उर्वरित. हा शब्द नीलकंठरावांनी तीनदा वाचला. दैनिकाचं नाव, तारीख, पान आठ, स्तंभ पाच. बँडशी नातं नसलेला, लेखाच्या आधीचा, छापील संदर्भ. एकतीस वर्षांच्या नोकरीत एखादं हरवलेलं पुस्तक सापडल्यावर व्हायचा, तसा आनंद त्यांना झाला, आणि मग लगेच भाचा आठवला.

जिवंत माणसाबद्दल लिहिताना काळजी घ्यावी, असा नियम आहे. त्या नियमाचा आधार घेऊन शुक्रवारी ते इंदूर, देवास असे बस बदलत लोहारद्याला पोचले. दीपेश बाजारात वडिलांच्या शिलाईच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवत बसला होता. तिशीचा, बारीक, तोंडात टाचण्या. त्यानं टाचण्या काढून ठेवल्या, स्टूल पुसलं आणि बातमीचा कागद सावकाश वाचला.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "पर काका, दोन तास दहा नव्हते. पावणेदोन असतील. मी मध्ये पाणी प्यायला थांबलो होतो."

"ते मला लिहिता येणार नाही. छापलंय दोन तास दहा."

"म्हणजे चूक लिहाल?"

"संदर्भासहित लिहीन."

दीपेशनं यावर विचार केला आणि मान डोलावली. मोठ्या जागांचे नियम असेच असणार, असं त्याला वाटलं असावं.

"बँड का सोडलास?" नीलकंठरावांनी विचारलं.

"मी कुठे सोडला?" त्यानं कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "एका रविवारी प्रॅक्टिसला गेलो, तर गॅरेजात माझ्या जागेवर मशीन होतं. बटण दाबलं की ढोलक, तबला, काय पाहिजे ते. प्रणवभिया म्हणाला, बस ना, चहा पी. चहा प्यालो. मग ते वाजवून राहिले होते, मी ऐकलं थोडं. मग शेवटची बस होती."

"काही बोलला नाहीस?"

"काय बोलणार काका? मशीन चांगलं होतं."

शनिवारी सकाळी नीलकंठरावांनी धारला बसून लेख नव्यानं लिहिला. सहा ओळी झाल्या. दोन ओळी बँडबद्दल, चार ओळी बदनावरबद्दल. त्या चारांत अंशुल नव्हता, प्रणव नव्हता. फक्त 'उर्वरित कलावंत' होते. सदस्यांच्या यादीत पाचवं नाव परत आलं. संध्याकाळपर्यंत कुठल्याशा दूरच्या शहरातल्या, कधी न पाहिलेल्या संपादकानं वगळण्याची सूचना काढून टाकली आणि शेरा दिला: 'उल्लेखनीयता सिद्ध. विशेषतः ढोलकवादकाची.'

रविवारी देवासला इंदूताईंनी भावाला जेवायला बोलावलं. लेख बचावला म्हणून श्रीखंड केलं होतं. अंशुलही आला होता. प्रणवनं मोबाईलवरून लेख मोठ्यानं वाचून दाखवला. चौथ्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला आणि सहाव्या ओळीला अंशुलनं पुरी खाली ठेवली.

"हे तर दीपेशवर आहे," अंशुल म्हणाला. "आणि आम्ही चौघं काय कचोरी खायला गेलो होतो?"

"कचोरीचा उल्लेख नाही," नीलकंठराव म्हणाले. "त्याला छापील आधार मिळाला नाही."

"याच्यापेक्षा उडालेला बरा होता मामा. काढून टाका."

"आता नाही काढता येत. उल्लेखनीय झालात तुम्ही."

अंशुल रागानं उठला, हात धुतला, श्रीखंड खायचं राहिलं हे लक्षात आल्यावर परत बसला, खाल्लं, आणि मग रागानं निघून गेला. पुढे महिन्याभरात त्यानं 'फीडर नंबर चार' नावाचा वेगळा बँड काढला. त्यात तो आहे, ते मशीन आहे, आणि एका जाहिरात कंपनीत काम करणारा त्याचा मित्र आहे, जो लेख लिहितो.

जेवणानंतर प्रणव मामाला सोडायला बसस्टँडपर्यंत आला. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं, "मामा, ते इतिहास पान पुसता येतं?"

"नाही."

"कोणाकोणाला दिसतं?"

"ज्याला बघावंसं वाटेल त्याला. आजवर एकट्या मला वाटलं."

"अंशुल म्हणाला होता, पोस्टरवर चौघं चांगले दिसतात. दीपेश दर रविवारी तीन-चार तासांचा प्रवास करून यायचा. त्याची बस चुकली की सगळं थांबायचं."

"आणि तुला काय वाटलं?"

"मला काही वाटलं नाही, मामा," प्रणव म्हणाला. "तेच तर."

नीलकंठरावांना रागवायचं होतं. त्यासाठी दोन चांगली वाक्यं त्यांनी बसमध्ये जुळवूनही ठेवली होती. पण भाच्याचं तोंड पाहून ती त्यांनी वापरली नाहीत.

मंगळवारी लेखाच्या चर्चा पानावर एक ओळ आली. खाली सही 'प्रणव बेस'. मराठी मोडकं होतं, पण मशीनचं नव्हतं: 'दीपेशचा नाव मी काढला होता. ते सुधारणा नव्हती. चूक होती.'

तासाभरात कोणा कर्तव्यदक्ष संपादकानं ती ओळ उडवली. चर्चा पान लेख सुधारण्यासाठी आहे, व्यक्तिगत भावना मांडण्यासाठी नाही, असं कारण दिलं. नियम तसाच होता. नीलकंठरावांनी तो स्वतः किमान पन्नास लोकांना ऐकवला होता. त्यांनी ओळ परत घातली. ती पुन्हा उडाली. त्यांनी पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातल्यावर त्यांच्या पडद्यावर लाल चौकट आली: संपादन-युद्ध केल्यामुळे आपल्याला चोवीस तासांसाठी बंदी करण्यात येत आहे. सहा वर्षांत प्रथमच.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"मला काढलं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की तिनं पुढे काही विचारलं नाही.

ती ओळ पुढे राहिली नाही. लेख मात्र आहे. कुणीतरी मध्ये त्याला एक स्वल्पविराम दिला. दीपेशनं तो अजून पूर्ण वाचलेला नाही, कारण मराठी वाचायला त्याला वेळ लागतो आणि शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांची घाई असते. प्रणव मात्र लोहारद्याला जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं, हे त्यानं मामाला सांगितलं नाही आणि मामानं विचारलं नाही. एवढं खरं की महिन्यातल्या एका रविवारी आता प्रणव गाडी घेऊन त्याला आणायला जातो. गॅरेजात दोघंच वाजवतात. या जोडीला नाव ठेवलेलं नाही. नाव ठेवलं की कोणीतरी लेख लिहील, असं प्रणव म्हणतो.

नीलकंठराव एकदा ऐकायला गेले होते. इंदूताईंनी त्यांना दाराशी खुर्ची टाकून दिली. बेसचे दोन-तीन स्वर पुन्हा पुन्हा येत होते, ढोलक त्यांच्याभोवती हळूहळू जागा करून घेत होती. सव्वा तासानं सगळं शांत झालं. संपलं असं समजून नीलकंठराव उठले, चष्मा खिशात घातला. दीपेशनं त्यांच्याकडे बघून 'अजून नाही' अशी मान हलवली. ते परत बसले.